फ्रेमवर गोधडी शिवताना दोऱ्याचं टेन्शन बिघडलं तर

घरच्या मशीनवर कापड सरकतं आणि सुई जागच्या जागी वर-खाली होते. लाँगआर्म म्हणजे गोधडी शिवायच्या लांब हाताच्या मशीनच्या फ्रेमवर नेमकं उलटं असतं. गोधडीचे तिन्ही थर रोलरवर ताणलेले असतात आणि मशीनच रुळांवरून चारी दिशांना फिरतं. दिशा बदलली की सुई किंचित वाकते, त्यामुळे सरळ रेषेत सुबक पडणारा टाका वळणावर बिघडतो. त्यातून हा बिघाड बहुधा खालच्या बाजूला असतो, म्हणजे जी बाजू आपल्याला दिसतच नाही. म्हणून प्रत्येक वेळी रोलर गुंडाळण्याआधी वाकून, आरसा किंवा टॉर्च धरून अस्तराची बाजू पाहा. अख्खी ओळ उसवण्यापेक्षा कमरेचा एवढा त्रास परवडतो.

काय दिसतंय त्यावरून दोष ओळखता येतो. अस्तरावर खालचा, म्हणजे बॉबिनचा, दोरा ताठ रेघेसारखा पडून वरच्या दोऱ्याचे वेढे त्याच्याभोवती दिसत असतील, किंवा वळणांवर पापण्यांसारखे बारीक धागे बाहेर आले असतील, तर वरचा दोरा सैल आहे नाहीतर खालचा फार घट्ट. गोधडीच्या वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर याच्या उलट. योग्य टाक्याची गाठ मधल्या भरणात लपलेली असते.

लगेच वरच्या टेन्शनची गोल खुंटी फिरवायला जाऊ नका. बहुतेकांचा हात आधी तिथेच जातो आणि मग दोन्हीकडचं गणित चुकत जातं.

१. आधी वरचा दोरा पुन्हा ओवा. रिळाजवळ कापून तो सुईच्या दिशेनेच ओढून काढा. ओवताना दोरा दोन्ही हातांत ताणून टेन्शनच्या चकत्यांमध्ये घट्ट बसवा आणि दोरा ओढल्यावर शेजारची छोटी स्प्रिंग हलते का पाहा. फ्रेमवर घरगुती मशीन लावलं असेल तर ओवताना फूट वर उचललेला असला पाहिजे, नाहीतर चकत्या मिटलेल्याच राहतात. अनेक तक्रारी इथेच संपतात.

२. सुई बदला. १६ किंवा १८ नंबरची सुई बहुतेक कामांना पुरते. लाँगआर्मची सुई गोल दांड्याची असल्याने ती तिरकी बसू शकते. बहुतेक मशीनमध्ये लांब खाच आपल्याकडे आणि खोलगट बाजू मागे येते, पण तुमच्या मशीनचं पुस्तक पाहून खात्री करा.

३. आता बॉबिन, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून असतं. केस काढून आतला भुसा ब्रशने झाडा. केसवरच्या पट्टीच्या स्प्रिंगखाली अडकलेला कण कागदाच्या कोपऱ्याने काढा. तो एकच कण टेन्शन बिघडवायला पुरतो. मग भरलेली केस तळहातावर आडवी ठेवून दोरा वर ओढा. केस उठून उभी राहिली पण हातावरून उचलली गेली नाही, तर ठीक. जराही उठली नाही तर सैल, दोऱ्याबरोबर वर आली तर घट्ट. टोवा गेज, म्हणजे बॉबिनचं टेन्शन मोजायचं साधन, असेल तर अनेक जण १८ ते २२ ग्रॅमच्या आसपास ठेवतात. मग अंदाजाचा प्रश्न उरत नाही. केसवरचा टेन्शनचा स्क्रू फिरवायचा तो घड्याळातल्या पाच मिनिटांएवढाच, उजवीकडे घट्ट आणि डावीकडे सैल. पट्टी धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या स्क्रूला हात लावू नका. हे काम ताटावर करा, स्क्रू पडला तर सापडणार नाही. बॉबिन सावकाश भरा, भरभर भरताना पॉलिस्टर दोरा ताणला जातो.

४. मग वरचं टेन्शन. एका वेळी पाव फेरा फिरवा आणि प्रत्येक बदलानंतर नमुना शिवा.

नमुना मात्र गोधडीच्याच कापडाचा, भरणाचा आणि दोऱ्याचा हवा. तो फ्रेमच्या कडेला ताणून घ्या. वर-खाली वेगळ्या रंगांचे दोरे लावून दोन्ही दिशांनी गोल, इंग्रजी आठचा आकडा आणि नागमोडी काढा. सरळ रेघ इथे फसवते. जुन्या साड्यांचे थर घालून केलेल्या गोधडीत जाड भरण नसतं, म्हणून गाठ लपायला जागा कमी मिळते. तिथे वर-खाली एकाच रंगाचा दोरा वापरणं शहाणपणाचं. वर पांढरा आणि खाली काळा लावण्याचा हट्ट धरला, तर ठिपके दिसणारच.

५. रोलरवरचा ताण तपासा. खालून बोट टेकवलं तर वरून ते चिमटीत धरता आलं पाहिजे. ढोलकीसारखं ताणलेलं कापड सुई वाकवतं, टाके चुकवतं आणि दोरा तोडतं.

६. वेग सांभाळा. इंचाला दहा-बारा टाके पडतील इतक्या सारख्या गतीने हात चालवा. वळणावर हात झपकन फिरवलात तर टेन्शन बरोबर असूनही पापण्या दिसतील.

हे सगळं करूनही टाके चुकत असतील आणि त्याआधी सुई धातूवर आपटून मोडली असेल, तर हुकला (वरचा दोरा पकडणाऱ्या खालच्या फिरत्या भागाला) किंवा सुई जिच्या भोकातून खाली जाते त्या पट्टीला खडबडीत कड आली असेल. कापूस फिरवून पाहा, अडकला तर तिथेच दोष आहे. हुकचं टायमिंग, म्हणजे सुईशी असलेला मेळ, हललं असेल तर मेकॅनिकच बोलवावा लागतो. त्याला दोन्ही बाजू दिसतील असा नमुना द्या, आणि त्यावरच दोरा, सुईचा नंबर आणि बॉबिनचं टेन्शन पेनाने लिहून ठेवा.