जुन्या आर्केड बोर्डाची दुरुस्ती शिकताना

कोल्हापुरात माझ्याकडे दुरुस्तीला येणारे जुने आर्केड बोर्ड, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्रांतील सर्किट बोर्ड, बहुधा बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेले असतात आणि इथल्या पावसाळ्यातील दमटपणामुळे त्यांच्या आयसींपेक्षा (चिपपेक्षा) कनेक्टर आणि सॉकेटच आधी खराब झालेले आढळतात. म्हणूनच आयटीआय किंवा डिप्लोमा करून या कामाकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या हाती मी सोल्डरिंग आयर्न लगेच देत नाही. आधी मल्टीमीटर आणि लॉजिक प्रोब (पिनवरचा संकेत हाय, म्हणजे जास्त व्होल्टेजचा, आहे की लो, म्हणजे कमी व्होल्टेजचा, हे दाखवणारे साधन) नीट वापरता यायला हवेत.

१९८५ साली आलेल्या जॅमा या आर्केड बोर्डांच्या जोडणीच्या जपानी मानकानुसार बनलेल्या बोर्डांना ५६ संपर्कांचा एकसारखा कनेक्टर असतो. त्याआधीच्या बोर्डांची जोडणी मात्र वेगवेगळी असते, त्यामुळे त्यांचा पिनआउट (कोणत्या पिनवर काय येते याचा तक्ता) हाती आल्याशिवाय सप्लाय देऊ नये.

५ व्होल्टचा सप्लाय मोजताना मीटरची टोके बोर्डावर कनेक्टरपासून सर्वांत दूर असलेल्या आयसीच्या सप्लायच्या पिनांवर ठेवावीत. ७४एलएस मालिकेतील लॉजिक आयसींना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. सप्लायपाशी नेमके ५ व्होल्ट दिसत असताना काळवंडलेल्या कनेक्टरमुळे आयसीपर्यंत जेमतेम ४.६ पोहोचतात, आणि मग स्क्रीनवरचे विस्कळीत चित्र पाहून रॅम (तात्पुरती मेमरी) गेली, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

व्होल्टेज ठीक असेल तर प्रोसेसरकडे वळावे. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड८० प्रोसेसर आहे. त्याच्या ६ क्रमांकाच्या पिनवर क्लॉक (प्रोसेसरला ताल देणारा संकेत) सतत मिळाला पाहिजे आणि २६ क्रमांकाची रीसेट पिन सुरुवातीला लो राहून नंतर हाय झाली पाहिजे. ती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा लो होत असेल, तर प्रोग्रॅम अडकल्यास बोर्ड पुन्हा सुरू करणारे वॉचडॉग सर्किट तो रीसेट करत आहे असे समजावे. अशा वेळी पुष्कळ जण वॉचडॉगचीच आयसी बदलायला घेतात. पण प्रोग्रॅमकडून वेळेवर संकेत न आल्यामुळेच तो रीसेट करत असतो, त्यामुळे मूळ बिघाड बहुधा रॉम (प्रोग्रॅम साठवणारी चिप), रॅम किंवा त्यांना जोडणाऱ्या बफरमध्ये (संकेत पुढे पोहोचवणाऱ्या आयसीत) सापडतो. ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम) प्रोग्रॅमर या यंत्रावर वाचून तिचा चेकसम (आतल्या मजकुराची पडताळणी-संख्या) चांगल्या प्रतीशी ताडून पाहावा आणि तिच्या काचेवरचे स्टिकर काढू नये, कारण अतिनील किरणांनी आतला मजकूर पुसला जातो. साध्या गेटचे आउटपुट हायही नाही आणि लोही नाही असे अधांतरी दिसले, तर ती आयसी संशयास्पद ठरते. ट्राय-स्टेट (आउटपुट पूर्ण बंद करता येणाऱ्या) बफरचे आउटपुट मात्र बंद अवस्थेत तसेच दिसते, हे इथे विसरू नये.

खराब ठरलेली आयसी अखंड उपटण्याचा हट्ट धरू नये. तिचे पाय अंगालगत कापून प्रत्येक पाय वेगळा गरम करून काढावा, कारण नवी आयसी मिळू शकते, पण उखडलेला ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) जम्पर वायरनेच जोडावा लागतो. त्या जागी चांगल्या प्रतीचे सॉकेट बसवावे. काही बिघाड बोर्ड तापल्यावरच डोके वर काढतात. म्हणून गेम सुरू झाल्यावर बोर्ड काही तास चालू ठेवून, ५ व्होल्ट पुन्हा मोजूनच तो मालकाच्या हाती द्यावा.