ट्रॅव्हल ट्रेलरच्या सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय? आधी गळती शोधा, मग पाना हातात घ्या

ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, सांडपाण्याच्या पाइपची टोपी फिरवली आणि होज (पाणी सोडायची लवचीक नळी) जोडायच्या आधीच भसकन पाणी हातावर आलं, तर टोपीच्या आतला एखादा व्हॉल्व्ह पाणी धरत नाहीये. त्याआधीचे कितीतरी दिवस तो थेंबथेंब गळत असतो; टोपी ते पाणी अडवून धरते, म्हणून लक्षात येत नाही. सेकंदाला एक थेंब ही गळती किरकोळ वाटते, पण २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं.

असं झालं की बहुतेक जण थेट नवा व्हॉल्व्ह मागवतात. ती घाई करू नका. व्हॉल्व्ह तुटलेला नसतो, त्याचं पातं फक्त पूर्ण मिटत नसतं, असं पुष्कळदा आढळतं. मिटत का नाही ते कळलं तर बऱ्याच वेळा पाना उचलावाच लागत नाही.

व्हॉल्व्हच्या आत काय असतं

हा सरकत्या पात्याचा व्हॉल्व्ह असतो. दोन फ्लँजच्या, म्हणजे पाइपच्या टोकांवरच्या चपट्या कड्यांच्या, मध्ये त्याचा प्लास्टिकचा सांगाडा चार बोल्टांनी आवळलेला असतो. पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक रबरी सील. दांडा ओढला की पातं वर सरकतं आणि वाट मोकळी होते. ढकलला की पात्याची गोल कड समोरच्या खाचेत जाऊन बसते. संडासाच्या, म्हणजे ब्लॅक टाकीला साधारण ३ इंची व्हॉल्व्ह असतो. सिंक आणि शॉवरच्या ग्रे टाकीला बहुधा दीड इंची, काही ट्रेलरांत तिलाही ३ इंची.

सगळा घोळ त्या खाचेत होतो. कागदाचा लगदा, वाळलेला मैला, पाण्यातला क्षार, ग्रे टाकीत साबण-तेलाचा थर आणि केस, हे सगळं तिथे जाऊन बसतं. मग पात्याची कड १–२ मिलिमीटर अलीकडेच अडते आणि चंद्रकोरीएवढी फट राहते. हाताला मात्र व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाल्यासारखा लागतो. व्हॉल्व्हचा दांडा वरच्या बाजूला असेल तर खाच नेमकी तळाशी येते, आणि अशा बसवणीत गाळ लवकर साठतो.

कुठला व्हॉल्व्ह, कुठली जागा

टोपीच्या मागे आलेलं पाणी ब्लॅकचं की ग्रेचं हे वासावरून ठरवू नका. शिळं ग्रे पाणीही तितकंच घाण मारतं. दोन्ही टाक्या डंप स्टेशनवर (टाक्यांतलं सांडपाणी सोडायच्या जागी) रिकाम्या करून स्वच्छ धुवा. मग दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून ब्लॅक टाकीत २० लिटर पाणी आणि निळा खाद्यरंग टाका, ग्रे टाकीत तेवढंच पाणी आणि लाल रंग. टोपी काढा, खाली पांढरी बादली ठेवा आणि तासभर थांबा. रंगच सांगेल. काहीच आलं नाही तर टाक्या भरत न्या आणि पुन्हा बघा. व्हॉल्व्हवरचा दाब लिटरवर नाही, पाण्याच्या उंचीवर ठरतो, त्यामुळे पाव टाकीला कोरडा राहणारा व्हॉल्व्ह भरल्या टाकीला गळू शकतो.

आता ट्रेलरच्या खाली. आधी चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावा आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या ट्रेलरखाली कधीही शिरू नका. व्हॉल्व्ह, दोन्ही फ्लँज आणि दांड्याचं तोंड कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक जागेभोवती टिश्यू पेपर गुंडाळा. तासाभराने कागद कुठे भिजला ते पाहा.

पाणी पाइपच्या आतून टोपीकडे येत असेल तर पातं मिटत नाही किंवा सील गेलं आहे. फ्लँजच्या सांध्यातून बाहेर ठिबकत असेल तर सील बसवताना दुमडलं आहे, किंवा बोल्ट सैल आहेत. टाकी रिकामी करताना दांड्याच्या तोंडातून पाणी आलं तर दांड्यावरचं छोटं सील झिजलं आहे. पाइपच्या चिकटवलेल्या जोडावर ओल दिसली तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे, त्याला हात लावू नका. आणि आत पाणी साठलेलं असताना फक्त टोपीच्या कडेने थेंब पडत असतील तर टोपीतली रबरी चकतीही बदलावीच लागेल, पण व्हॉल्व्हचा प्रश्न त्याने सुटत नाही.

न खोलता करायचे उपाय

पहिली तपासणी दांड्याची. लांब दांडा जोडलेला असेल तर त्याची मूठ ट्रेलरच्या पत्र्याला टेकते आणि पातं आत अर्धवट राहतं. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून, दांडा जिथे सांगाड्यातून बाहेर येतो तिथे त्यावर चिकटपट्टी लावा, पूर्ण उघडा आणि दांडा किती सरकला ते मोजा. ३ इंची व्हॉल्व्हसाठी ७६ मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त अंतर हवं. कमी भरलं तर मूठ काढून नुसता दांडा हाताने ढकला. गळती थांबली तर दोष मुठीचा किंवा जोड-दांड्याचा.

केबलने चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये हाच दोष आणखी लपून राहतो. केबलचं बाहेरचं आवरण क्लँपमधून सरकतं, आतली तार धरणारा छोटा स्क्रू ढिला होतो किंवा वळणावर तार मुरडते. मग मूठ पूर्ण आत जाते आणि पातं मात्र पाऊण वाटेवर थांबतं. एकाने मूठ ओढावी-ढकलावी, दुसऱ्याने खालून व्हॉल्व्हच्या दांड्याकडे बघावं. तार सरकत असेल तर पातं हाताने पूर्ण बंद करा, मूठही पूर्ण आत ठेवा आणि त्याच स्थितीत स्क्रू आवळा. मुरडलेली तार सरळ करून पुन्हा वापरू नका. ती त्याच जागी पुन्हा मुडपते. नवी केबल टाकताना वळणं मोठी आणि सैल ठेवा. जागा असेल तर केबल काढून थेट दांड्याचा व्हॉल्व्ह बसवणं आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं.

दांडा ठीक असेल तर खाच धुवायची. टाकी दोनतृतीयांश साध्या पाण्याने भरा, होज जोडून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पाणी जोरात जाऊ लागलं की पातं जवळजवळ मिटेपर्यंत ढकला, बोटभर फट ठेवा, दोन सेकंद थांबा आणि पुन्हा उघडा. अरुंद फटीतून धार खाचेवर आदळते आणि गाळ सुटतो. असं पाच-सहा वेळा करून टाकी पुन्हा भरा आणि परत करा. वाळलेला मैला एका फेरीत निघत नाही. टाकी पाण्याने भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी हेच करा. ग्रे टाकीला गरम पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण चालतो, पण पाणी हाताला सोसेल इतपतच गरम घ्या. उकळतं पाणी प्लास्टिकचे पाइप आणि सांधे बिघडवतं.

दांडा जड चालत असेल तर सिलिकॉनचं वंगण वापरा. दांडा पूर्ण बाहेर ओढून पुसा, त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा, दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. साधं ग्रीस आणि पेट्रोलियम जेली लावू नका, त्याने काही प्रकारचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे इथलं टिकाऊ वंगण नव्हे. दांडा अडला म्हणून त्यावर हातोडी मारू नका. पातं वाकतं किंवा दांड्यापासून सुटतं, आणि मग टाकी भरलेली असताना व्हॉल्व्ह उघडायलाच नकार देतो.

व्हॉल्व्ह बदलायचा ठरला तर

एवढं करूनही रंगीत पाणी आलंच तर सील किंवा पातं गेलं आहे. नुसती सीलं मिळतात, पण एवढं सगळं खोलल्यावर जुनं पातं परत बसवणं आम्हाला पटत नाही. दोन नव्या सीलांसह पूर्ण व्हॉल्व्ह घ्या. घेण्याआधी पाइपचा व्यास आणि बोल्टांच्या भोकांमधलं अंतर मोजा. सगळ्या बनावटींची सीलं आणि फ्लँज एकमेकांना बसत नाहीत, आणि नव्या व्हॉल्व्हला जुनी सीलं लावणं हे पुन्हा गळतीला आमंत्रण आहे.

हाताशी ठेवा: रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, पसरट घमेलं, बादली, पाने, सिलिकॉन ग्रीस, प्लास्टिकची खरवडणी, फडकी. फ्लँजचे बोल्ट बहुतेकदा पाव इंची असतात आणि त्यांना ७/१६ इंची पाना लागतो. ट्रेलरचं पोट प्लास्टिकच्या पत्र्याने झाकलेलं असेल तर आधी त्याचे स्क्रू काढून तो खाली उतरवावा लागतो. त्यात आधीच पाणी साठलेलं असू शकतं, म्हणून कडेला छोटी फट करून ते निथळू द्या.

टाकी रिकामी करून निदान दोनदा धुवा, दुसऱ्यांदा स्वच्छ पाणी बाहेर पडेपर्यंत. पाण्याचा पंप बंद करा. ट्रेलरचा पुढचा किंवा मागचा भाग थोडा उचलून पाणी व्हॉल्व्हकडे आणा आणि शेवटचे दोन-तीन लिटरही काढा. नंतर ट्रेलर पुन्हा टेकवून पक्का करा. काम मोकळ्या हवेत करा. टाकीतून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन निघतो; पहिला वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साठतो आणि थोड्या वेळाने नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. दोन्ही वायू पेट घेतात, म्हणून जवळ सिगारेट, लायटर, ठिणगी काही नको.

घमेलं खाली सरकवा. खालचे दोन बोल्ट आधी सैल करा, राहिलेलं पाणी उतरू द्या, मग चारही काढा. गंजलेले बोल्ट परत वापरू नका. फ्लँज हाताने ५–६ मिलिमीटर बाजूला करा आणि जुना व्हॉल्व्ह खाली किंवा बाजूला ओढून काढा. पाइप हलत नसेल तर लाकडी पाचर वापरा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, फ्लँजच्या तोंडावर एक ओरखडा पडला की नवं सीलही तिथून गळतं. पाइप अगदीच आखडलेला असेल तर टोपीकडचा भाग सोयीच्या जागी सरळ कापा आणि नंतर दोन पट्ट्यांच्या लवचीक रबरी कपलिंगने जोडा.

जुना व्हॉल्व्ह टाकून देण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. पात्याच्या कडेवरून नख फिरवा, पट्टी ठेवून ते वाकलंय का पाहा, खाचेत काय भरलंय ते पाहा. दगडासारखा क्षार सापडला तर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जाणार, म्हणजे टाकीची सफाई वाढवायला हवी.

फ्लँजची तोंडं प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करून पुसा. बोट फिरवून तडा लागतो का पाहा. लागला तर फ्लँज बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. आता सील. त्याची एक बाजू सपाट आणि दुसरीला उंचवटा असतो. उंचवटा फ्लँजच्या खोबणीत बसतो आणि सपाट बाजू व्हॉल्व्हकडे येते. दोन्ही सीलांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. नवीन व्हॉल्व्ह बंद स्थितीत, दोन्ही फ्लँजच्या मधून सरळ सरकवा. इथेच बहुतेकांची चूक होते: व्हॉल्व्ह तिरका जातो, सीलची कड दुमडते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. व्हॉल्व्ह अडला तर जोर लावू नका, बाहेर काढून सील पुन्हा बसवा.

चारही बोल्ट आधी हाताने घाला. मग समोरासमोर, आलटूनपालटून, प्रत्येकी अर्धा फेरा आवळा. फ्लँज सगळीकडे सारखा टेकला की त्यापुढे पाव फेरा, एवढंच. जास्त आवळलं की प्लास्टिकचा सांगाडा दबतो, पातं घट्ट होतं आणि दांडा ओढताना कळतं. प्रत्येक फेरीनंतर दांडा एकदा ओढून बघा. मोकळा असतानाच थांबा.

तपासणी

टोपी काढून खाली बादली ठेवा, आधी २० लिटर, मग टाकी भरेपर्यंत स्वच्छ पाणी टाका. बाहेरच्या सांध्यांना टिश्यू गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी बादली कोरडी आणि टिश्यू कोरडे असतील तरच खालचा पत्रा परत लावा. फ्लँजवर ओल दिसली तर बोल्ट आणखी आवळत बसू नका. ते दुमडलेलं सील आहे, व्हॉल्व्ह काढून परत बसवा.

काही जण टोपीच्या जागी फिरवून बसणारा जादा व्हॉल्व्ह लावतात. प्रवासात मूळ व्हॉल्व्ह गळू लागला तर तो पुढच्या डंप स्टेशनपर्यंत वेळ बहुधा निभावतो आणि हातावर पाणी येत नाही. पण मागे राहिलेल्या पाण्यात मैला साठून तिथेही तेच होतं, म्हणून त्याला कायमचा इलाज समजू नका.

कॅम्पमध्ये सांडपाण्याचं कायमचं कनेक्शन असलं तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं, कागद आणि मैला टाकीतच वाळतो आणि पहिला थर व्हॉल्व्हच्या तोंडाशीच जमतो. टाकी निदान दोनतृतीयांश भरल्यावरच सोडा आणि प्रत्येक वेळी थोडं साधं पाणी आत ठेवा. टाकीत ब्लीच ओतू नका: मूत्रातल्या अमोनियाशी त्याची विषारी वाफ होते, आणि सीलनाही ते मानवत नाही. हिवाळ्यात ट्रेलर उभा राहणार असेल तर टाकी रिकामी केल्यावर प्रत्येक नळात आणि संडासात बिनविषारी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी अँटिफ्रीझ ओता, टाकीत लिटरभर तरी जाईल इतकं. मग व्हॉल्व्ह एकदा उघडून बंद करा, म्हणजे ते खाचेत उतरेल. गाडीच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथे चालत नाही.