शाळेत मुलाची अ‍ॅलर्जी सांगताना या चुका टाळा

मुलाला शाळेत घातलं तेव्हा मी बाईंना सांगितलं, याला दाणे चालत नाहीत. इंदूरमध्ये घरी मराठी, शाळेत हिंदी. तिथं त्याचं झालं, ‘मूँगफली नहीं खाता.’ बाईंना वाटलं, आवडत नसतील. पहिल्याच महिन्यात शेजारच्या मुलाच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी त्यानं दोन घास खाल्ली. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या.

चूक शब्दाची होती. ‘चालत नाही’ हे आपण उपवासाच्या हळदीलाही म्हणतो. स्पष्ट सांगा: शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, एका घासानं श्वास अडकू शकतो. तेही लेखी, डॉक्टरांच्या सहीनं. वर्गशिक्षिका, आयाबाई आणि व्हॅनवाले काका, तिघांनाही. ‘शाळा प्रवेश नाकारेल’ या भीतीनं बरेच पालक गप्प बसतात. ती भीती मला कळते, पण तिची किंमत मूल मोजतं.

‘दाणे काढून खा’ असं मुलाला शिकवू नका. खिचडीत, कोशिंबिरीत कूट मिसळलेलं असतं, ते निवडणार कसं? सॅनिटायझरनं हातावरचा दाण्याचा अंश जात नाही, साबण-पाणीच हवं. पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख कायद्यानं करावाच लागतो, पण सुट्या नमकीनवर काय वाचणार? सुटं नकोच.

‘थोडं थोडं दिलं की सवय होते,’ असं आमच्या सासूबाई मायेनं म्हणायच्या. असा उपचार आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. घरी कधीच नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे अ‍ॅलर्जीच्या सिरपवर विसंबणं. सिरपनं खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही. खाल्ल्यावर खोकला थांबेना, आवाज घोगरा झाला किंवा मूल एकदम गळून गेलं, तर अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्यायचं आणि 108 ला फोन करायचा. मुलाला चालवत नेऊ नका. आडवं ठेवा, धाप लागली असेल तर बसवा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, काही तासांनी त्रास उलटू शकतो. डोस आणि द्यायची पद्धत डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, शाळेत कोण देणार तेही ठरवा. आमचं औषध आधी ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात होतं आणि किल्ली एकाच माणसाकडे. आता ते वर्गात, बाईंच्या हाताशी असतं. शेजारी घरच्या खोबऱ्याच्या वड्यांची डबी, कुणाचा वाढदिवस असला की माझ्या मुलाला द्यायला.