नाकावरची न भरणारी फुटकुळी : त्वचेच्या कॅन्सरबाबत आमच्या घरात झालेल्या या चुका टाळा

ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर माझे काका वीस-बावीस वर्षं क्लबच्या मॅचेसना अंपायर म्हणून उभे राहिले. डोक्यावर पांढरी टोपी असायची, पण ती उन्हापेक्षा रुबाबासाठी जास्त. नाक कायम उन्हातच. निवृत्तीनंतर नाकाच्या डाव्या कडेला, चष्म्याचं पॅड टेकतं तिथेच, तांदळाच्या कणीएवढी फुटकुळी आली. काकांनी खापर चष्म्यावर फोडलं. आधी पॅड बदलली, वर्षभराने फ्रेमच बदलली. फुटकुळीवर खपली धरायची, तोंड धुताना निघायची, टॉवेलला रक्ताचा ठिपका लागायचा, आठवड्याभरात पुन्हा खपली. असं जवळपास तीन वर्षं चाललं.

तो बेसल सेल कार्सिनोमा निघाला. डॉक्टर मंडळी त्याला बीसीसी म्हणतात. जगात सर्वांत जास्त आढळणारा त्वचेचा कॅन्सर तो हाच. त्वचेच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी ज्या पेशी असतात, त्या बेसल पेशींपासून तो सुरू होतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी या पेशींमधल्या डीएनएची वर्षानुवर्षं मोडतोड होत राहते. पेशीची वाढ आवरणारं पीटीसीएच-१ नावाचं जनुक बिघडलं की लगाम सुटतो. म्हणूनच बहुतेक गाठी चेहरा, कान, मान अशा उघड्या भागांवर दिसतात आणि त्यातही नाकाचा नंबर पहिला.

‘दुखत नाही ना, मग राहू दे’

आमच्या घरातली सगळ्यात महागात पडलेली चूक ही. काकू म्हणायच्या, ‘अहो, एकदा दाखवून या.’ काकांचं उत्तर ठरलेलं, ‘दुखत नाही, खुपत नाही. कशाला डॉक्टरचं बिल वाढवायचं?’ आम्हीही मान डोलावली. दुखणं म्हणजे आजार आणि न दुखणं म्हणजे किरकोळ, हे गणित आपल्या डोक्यात फार पक्कं बसलेलं आहे. या आजारात ते उलटं चालतं. सुरुवातीला ही गाठ बहुधा दुखत नाही. ती महिन्या-महिन्यांनी मिलिमीटरच्या हिशेबाने वाढते, त्यामुळे रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळतच नाही. आमच्याकडे फरक कळला तो चुलतभावाच्या लग्नाचे जुने फोटो काढले तेव्हा.

तेव्हा दुखतंय का ते विचारू नका, किती दिवस झाले ते मोजा. दाढीचा काप, डास चावलेला, खरचटलेलं, सगळं दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. चार आठवडे झाले तरी जी जखम भरत नाही, किंवा भरल्यासारखी होऊन त्याच जागी पुन्हा उघडते, ती त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायची. शंका असेल तर शेजारी एक रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढा आणि महिन्याने तसाच दुसरा काढा. नाण्यामुळे आकाराचा वाद उरत नाही.

‘आपल्या रंगाला हे होत नाही’

कातडीला रंग देणारं मेलॅनिन आपलं बरंच रक्षण करतं हे खरं. गोऱ्या कातडीच्या लोकांच्या मानाने हा कॅन्सर आपल्याकडे खूपच कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. शिवाय सावळ्या त्वचेवर त्याचं रूप बदलतं, आणि फसगत होते ती इथे. इंटरनेटवर फोटो शोधले की गुलाबी, मोत्यासारखी चकाकणारी, बारीक लाल शिरा दिसणारी गाठ समोर येते. आपल्याकडे ती पुष्कळदा काळी-निळसर असते आणि सरळ तीळ वाटते. काकांची तशीच होती. नव्याने आलेला ‘तीळ’ साठीत कुठून आला, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही.

घरी बघण्याची एक सोपी युक्ती आहे. खिडकीच्या उजेडात उभं राहून त्या जागेच्या दोन्ही बाजूंची कातडी बोटांनी हलकेच ताणा. बीसीसीची कड थोडी उचललेली असते आणि ताणल्यावर मेणासारखी चकाकते, मध्ये कधी कधी खळगा दिसतो. अर्थात ही युक्ती संशय यावा म्हणून, शंका पुसून टाकायला नव्हे. या कॅन्सरचा एक प्रकार जुन्या जखमेच्या सपाट, फिकट व्रणासारखा दिसतो. तो ताणून बघितल्यावर कळेलच असं नाही.

सावळ्या रंगावरून एक आडवळण घेतो. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात) आज जी कॅन्सर संशोधन संस्था आहे, तिचं मूळ मुंबईतल्या परळचं. तिची सुरुवात १९५२ साली डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली झाली. त्याच खानोलकरांनी सूर्याबाई यांच्यासोबत १९४५ मध्ये ‘धोतर कॅन्सर’ची नोंद केली होती. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या धोतराच्या घासण्याने होणारा हा त्वचेचा कॅन्सर. पुढे परकराच्या नाडीमुळे होणाऱ्या तशाच आजाराला साडी कॅन्सर म्हणू लागले. तो वेगळ्या पेशींचा कॅन्सर आहे, काकांना झाला तो नव्हे. पण ‘आपल्या कातडीला काही होत नाही’ म्हणणाऱ्याला हे ऐकवायला मला आवडतं.

मेडिकलवाल्याची ट्यूब

दुसऱ्या वर्षी काका मेडिकलमध्ये गेले, नाक दाखवलं आणि एक ट्यूब घेऊन आले. चार महिने लावली. मजा अशी की सुरुवातीला बरं वाटलं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक दोन्ही होतं. स्टेरॉइडने लाली आणि सूज उतरते, अँटिबायोटिकने वरची खपली स्वच्छ होते, आणि खालची गाठ आपली वाढत राहते. वर स्टेरॉइडने कातडी पातळ होते ते वेगळंच. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ मध्ये आणखी कडक झाला. तरी काउंटरवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दोन आठवड्यांत मलमाने काम केलं नाही, तर ट्यूब नाही, निदान बदलायला हवं.

जाळून टाकणं

आता सगळ्यात धोकादायक चूक.

गावाकडे तीळ, चामखीळ घालवायला बिब्बा लावतात, चुना आणि धुण्याचा सोडा लावतात. काकांना हा सल्लाही मिळाला होता, सुदैवाने त्यांनी तो मानला नाही. पण त्याच चुकीची शहरी, एसी आवृत्ती मात्र आम्ही स्वीकारली. घराजवळच्या एका स्किन आणि ब्यूटी क्लिनिकमध्ये (नाव सांगत नाही) ‘तीळ दहा मिनिटांत काढून देतो’ म्हणाले. मशीनने जाळला. खपली पडली, कातडी सपाट झाली, आमचे पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. आठ महिन्यांनी त्याच जागी पुन्हा फुटकुळी, या वेळी अधिक रुंद.

चूक नेमकी काय झाली ते समजून घ्या, कारण ती आजही रोज होते. गाठ जाळली की तपासायला तुकडाच उरत नाही. ती काय होती, सगळी निघाली का, खाली किती खोल गेली होती, यातलं काहीच कळत नाही. बीसीसी कातडीच्या खाली मुळांसारखी पसरलेली असू शकते. वरून जाळल्यावर वरचा भाग जातो आणि उरलेली गाठ नव्या व्रणाखाली झाकली जाते. शिवाय परत उलटलेली गाठ काढणं पहिल्यापेक्षा कठीण असतं.

म्हणून कुणीही तीळ काढायला तयार असेल तर एकच प्रश्न विचारा : ‘तुकडा बायोप्सीला जाणार ना?’ उत्तर ‘गरज नाही’ असं आलं, तर गाठ नेमकी काय आहे आणि ते कशावरून ठरवलं, हे विचारा. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने (कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) बघून नक्की साधा तीळ आहे असं सांगत असेल तर गोष्ट वेगळी. बोलताना मान हलवून विषय बदलला, तर उठून या.

बायोप्सीची भीती

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो.’ हे वाक्य काकांना ठाणे-वाशी लोकलमध्ये शेजारी बसलेल्या गृहस्थांनी ऐकवलं, आणि त्यात आमचा दीड महिना गेला. बायोप्सीने बीसीसी पसरत नाही. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो, माणूस त्याच दिवशी घरी. मुळात हा कॅन्सर शरीरात दूरवर पसरणं फारच विरळ. म्हणून ‘कॅन्सर’ शब्द ऐकून मृत्युपत्र काढायला बसू नका. पण बिनधास्तही राहू नका. तो जागच्या जागी खात जातो : कातडी, नाकाची कूर्चा, पापणी, शेवटी हाडसुद्धा. इंग्रजीत त्याचं जुनं नाव ‘रोडंट अल्सर’, म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखा व्रण. नाव अगदी चपखल आहे.

रिपोर्ट अर्धाच वाचणं

‘बीसीसी आहे, काढून टाकला’ एवढं ऐकून फाइल कपाटात टाकू नका. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बोट ठेवून विचारा. पहिली, प्रकार कोणता? नोड्युलर आणि सुपरफिशियल हे त्यातल्या त्यात सरळ. इन्फिल्ट्रेटिव्ह, मॉर्फियाफॉर्म, मायक्रोनोड्युलर हे अवघड. दुसरी, मार्जिन. ‘क्लिअर’ म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या कडांना कॅन्सरच्या पेशी नाहीत. ‘इन्व्हॉल्व्ह्ड’ म्हणजे आत काही उरलं असण्याची शक्यता आहे, आणि तेव्हा पुढे काय ते त्याच भेटीत ठरवायचं.

लहान, सरळ गाठ भोवतीची साधारण चार मिलिमीटर निरोगी कातडी घेऊन काढतात. नाक, पापणी, कान इथे तेवढी कातडी परवडत नाही. तिथे मोझ पद्धत उपयोगी पडते : एक थर काढायचा, तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या कडा बघायच्या, जिथे उरलंय तिथूनच पुढचा थर. फ्रेडरिक मोझ या अमेरिकन डॉक्टरने १९३०च्या दशकात ती सुरू केली. ही सोय सगळीकडे नसते, तेव्हा नाकावर शस्त्रक्रिया ठरण्याआधी ‘मोझची गरज आहे का, आणि ती कुठे होईल’ हे विचारायला लाजू नका. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा म्हाताऱ्या माणसाला रेडिओथेरपी देतात. मलमाने उपचार होतो तो फक्त वरवरच्या प्रकारावर, आणि ते मलम मेडिकलवाल्याच्या ट्यूबपेक्षा वेगळं.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. दाखल झाल्यावर धावपळ होते.

एकदा काढला की संपलं?

नाही. ज्याला एक बीसीसी झाली, त्याला पुढच्या काही वर्षांत दुसरीकडे नवी होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, कारण तेवढंच ऊन बाकीच्या चेहऱ्यानेही खाल्लेलं असतं. काकांची मोझ झाली, गालाची थोडी कातडी सरकवून नाक झाकलं. आता सहा महिन्यांनी तपासणी. सनस्क्रीन लावताना त्यांना अजूनही लाज वाटते, पण दहा ते चारच्या उन्हात ते उभे राहत नाहीत आणि टोपी रुंद काठाची घेतली आहे. पावसाळ्यातही घेतात, ढगांतून अतिनील किरण येतातच.

महिन्यातून एका रविवारी काकू त्यांना खिडकीत बसवून कानांच्या मागे, मानेवर, टकलावर बघतात. मागच्या डिसेंबरमध्ये कानामागे एक तपकिरी, मेण चिकटवल्यासारखा डाग सापडला. या वेळी चार आठवडेही थांबलो नाही. डॉक्टरांनी डर्मोस्कोपने बघून सांगितलं, वयाची खूण आहे, काही करायचं नाही. काका दुपारी जेवायला घरी होते.