पावसाळ्यात सशाची पिल्ले सांभाळताना

आषाढ-श्रावणात घरची मादी व्याली की दोन-चार दिवसांत पिल्ले दगावल्याचे कानावर येते. दोष मादीला दिला जातो, ‘पाजतच नाही’ म्हणून. माझ्या अनुभवात मारते ती ओल. पावसाळ्यातली हवा आपल्याला सुखाची वाटते, पण अंगावर लव नसलेल्या पिल्लाला ती सोसत नाही. आईच्या सुक्या केसांत पिल्ले सुखरूप असतात. तेच केस दमटले की एका रात्रीत गारठतात.

दोन वर्षांपूर्वी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या पडवीत रात्री झड आत आली आणि पेटीचा एक कोपरा भिजला. सकाळी सातातली चार गेलेली, तीन थंडगार, निपचित. फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशी ती ठेवली. पाऊण तासाने एकाने पाय झाडला. दोन जगली. म्हणून गार पडलेले पिल्लू मेले समजून टाकू नका. आधी ऊब द्या. थंड पोटात दूध घालू नका, ते पचत नाही.

नर दाखवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मादी साधारण 30 ते 32 दिवसांनी विते, तेव्हा 28व्या दिवशी पेटी आत ठेवा. 45 सेंटीमीटर लांब, 30 रुंद पुरे. तळाला भोके हवीत. पेटी झड येणाऱ्या बाजूपासून दूर, चिऱ्याच्या भिंतीला न टेकवता ठेवा, कारण पावसात चिरा पाझरतो. आत गेल्या हंगामाचे खणखणीत वाळलेले पिंजर (सुटा पेंढा) किंवा सुताराच्या रंध्याचे पातळ काप घाला. बारीक भुसा नको, नाकात जातो. मादी पोटाचे केस उपटून वर अंथरेल. जास्तीचे स्वच्छ केस कागदी पिशवीत साठवा. पेटी भिजली की त्यांचे मोल कळते.

पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या चढल्या तर उघड्या पिल्लांचा निभाव लागत नाही. रात्री मांजर, उंदीर आणि साप यांच्यासाठी बारीक जाळी हवीच.

आता पाजण्याचे. मादी पिल्लांवर बसून राहत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुधा रात्री किंवा पहाटे येते, तीन-पाच मिनिटे पाजते आणि निघून जाते. तिचे दूध गाईच्या दुधापेक्षा तिपटीने स्निग्ध असते, म्हणून तेवढे पुरते. रोज सकाळी तिच्या अंथरुणावर हात चोळून पेटीत एकदा बघा. पोट गोल, आणि पातळ कातडीतून दुधाचा पांढरा पट्टा दिसला तर सगळे ठीक. कातडीला सुरकुत्या आणि सारखी वळवळ दिसली तर पिल्लू उपाशी आहे. जवळपास त्याच दिवशी व्यालेली दुसरी मादी असेल तर तिच्याकडे एक-दोन पिल्ले लावता येतात. तिला साधारण आठच आचळे असतात, हे मात्र ध्यानात ठेवा. मेलेले पिल्लू आणि भिजलेले अंथरूण त्याच सकाळी काढा.

10 ते 12 दिवसांत डोळे उघडतात. बाराव्या दिवशीही चिकटलेले असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्याचा कापूस हलकेच फिरवा, ओढू नका. अठरा-वीस दिवसांची पिल्ले बाहेर येऊन आईचे खाद्य चघळू लागतात. पावसात भिजलेला पाला थेट देऊ नका, पोट बिघडू शकते. पाणी निथळून, थोडा सुकवून द्या. जास्वंदीची आणि शेवग्याची पाने चांगली. कण्हेर, घाणेरी आणि अळू पिंजऱ्याच्या आसपासही नको. मादीला पाण्याची भांडी दिवसभर भरलेली हवीत. तहानलेली, घाबरलेली मादी कधी पिल्लांनाच चावते. चतुर्थी पेटीच्या दिवसांत आली तर पिंजरा फटाक्यांच्या आवाजापासून लांब, घराच्या मागच्या बाजूला न्या. चवथीला घरी आलेल्या मुलांना पिल्ले बघायची असतात, ती मोठी होईपर्यंत त्यांना थांबवा.

व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा नर वेगळाच ठेवा. दूध तोडायला इतर ऋतूंत 30-35 दिवस चालतील, पण पावसाळ्यात मी सहा आठवडे थांबतो. तोडताना पिल्लांना हलवू नका, आईला दुसरीकडे न्या. जागा तीच राहिली की ती खाणे सोडत नाहीत. त्यानंतरचे दोन आठवडे लेंड्या रोज बघा. पातळ झाल्या, पिल्लू कुबड काढून कोपऱ्यात बसले, तर कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) धरून चाला आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंड्यांचा नमुना न्या. तोवर त्याला बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, त्याला ओला पाला देऊ नका आणि खालची जाळी रोज धुऊन पूर्ण सुकवा.