ऑफिसातला सर्व्हर क्लाउडवर नेताना: आधी कुलूप, मग सामान

मशीद बंदरला एका फॉरवर्डिंग ऑफिसात (म्हणजे लोकांचा माल जहाजाने पाठवायची व्यवस्था बघणाऱ्या) मी सर्व्हर बघायला गेलो, तर तो पँट्रीच्या बेसिनखाली. वर चहाचे कप विसळले जातायत आणि खाली बारा वर्षांचे हिशेब घुंघुं करतायत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कित्येक गाळ्यांमध्ये डेटा अक्षरशः बुडाला होता. तरी बेसिनखालची जागा अजून लोकप्रिय आहे.

पण पाण्याला घाबरून घाईघाईत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या कंप्युटरांवर, गेलेल्यांना वेगळेच चटके बसतात, एक बिलाचा आणि दुसरा चोरीचा. ते टाळायचे तर कामाचा क्रम नीट हवा.

सुरुवात वहीपासून

कोणतं सॉफ्टवेअर, कोण वापरतं, किती जीबी, आणि ते चार तास बंद पडलं तर काय अडेल, हे सगळं मांडून काढा. हे आयटीवाल्याला विचारू नका, अकाउंट्समधल्या जुन्या माणसाला विचारा. त्या ऑफिसात ५०० जीबी भरलेले होते. त्यात एकाच फोल्डरच्या चार-चार कॉप्या आणि कुणाच्या तरी हळदीचे व्हिडिओ. झाडून काढल्यावर कामाचे १८० जीबी उरले. कचऱ्याचं भाडं दर महिन्याला कशाला भरायचं?

मग वाटणी करा. ईमेल आणि फायलींसाठी सर्व्हर घेऊच नका. गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५सारखी, माणशी महिना पैसे घेणारी तयार सेवा पुरते. टॅली किंवा तुमचं खास बनवून घेतलेलं सॉफ्टवेअर यासाठी भाड्याचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे क्लाउडवरचा तुमच्या वाट्याचा कंप्युटर, लागेल. त्याआधी लायसन्स तिथे चालतं का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ऑफिसातच राहू द्या.

अकाउंट कोणाच्या नावावर?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. आयटीवाला भला माणूस असतो, तो पटकन स्वतःच्या जीमेलवर अकाउंट उघडून देतो. दोन वर्षांनी तो नोकरी बदलतो किंवा पैशांवरून बिनसतं, आणि तुमचा धंदा त्याच्या पासवर्डमागे अडकतो. म्हणून अकाउंट कंपनीच्या डोमेनवरच्या ईमेलने, कंपनीच्या पॅन आणि जीएसटी क्रमांकावर उघडा. जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी टाका, म्हणजे बिलावरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट घेता येईल. मुख्य लॉगिनला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, त्याचे रिकव्हरी कोड छापून तिजोरीत ठेवा आणि रोजच्या कामाला ते लॉगिन वापरूच नका. आयटीवाल्याला वेगळा युजर द्या, हवे तेवढेच अधिकार द्या. तो गेला की युजर बंद करायचा.

जागा निवडताना मुंबईच निवडा. ॲमेझॉनच्या क्लाउडची डेटा सेंटरं (त्यांच्या भाषेत ‘रीजन’) इथे २०१६पासून आहेत, गूगलची २०१७पासून. सर्व्हर जवळ असला की टॅलीत एंट्री मारताना स्क्रीन अडखळत नाही. कायद्याचाही मुद्दा आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे हिशेब इलेक्ट्रॉनिक असतील, तर त्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर असावाच लागतो.

कुलपं

‘क्लाउडवाले मोठे आहेत, ते बघतील’ हा गैरसमज महागात पडतो. इमारत, वीज, मशीन त्यांचं. पासवर्ड, परवानग्या आणि डेटा तुमचा. सोसायटीचा वॉचमन गेटवर असतो, पण फ्लॅटचं दार उघडं टाकलंत तर तो काय करणार?

सगळ्यात सताड उघडं राहणारं दार म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दूरच्या मशीनचा स्क्रीन आपल्याकडे चालवायच्या सोयीचा, पोर्ट (मशीनचं नेटवर्कवरचं दार), ३३८९. घरून टॅली चालावी म्हणून तो अख्ख्या जगाला उघडा ठेवतात. खंडणी मागणारे व्हायरस पसरवणारी टोळकी दिवसरात्र असेच पोर्ट हुडकत असतात. आधी व्हीपीएन (फक्त तुमच्या माणसांसाठीचा बंदिस्त रस्ता), मग रिमोट डेस्कटॉप, हा क्रम मोडायचा नाही. फायलींचं स्टोरेज ‘पब्लिक’ नाही ना, हेही एकदा स्वतः बघा. लॉग, म्हणजे कोण कधी आलं, काय केलं याची नोंद, चालू ठेवा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार ते १८० दिवस जपायचे असतात आणि सायबर हल्ला कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं.

बॅकअपची एक प्रत दुसऱ्या शहरात ठेवा, हैदराबादला म्हणा, आणि ती ठरावीक दिवस कुणालाही, अगदी तुम्हालाही, पुसता येणार नाही अशी लॉक करा. जून २०१७मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा पाडल्या तेव्हा न्हावा-शेव्यातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. जगभरातल्या त्यांच्या डोमेन कंट्रोलरपैकी (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) एकच वाचला, घानातला, कारण नेमकी तेव्हा तिथे वीज गेली होती. नेटवर्कपासून तुटलेली एक प्रत असण्याची किंमत फॉरवर्डिंगवाल्यांना वेगळी सांगायला नको.

बिल

महिन्याचे साधारण ७२० तास होतात. तुमचं ऑफिस २६ दिवस, रोज १० तास, म्हणजे २६० तास. रात्री आणि रविवारी मशीन आपोआप बंद होईल असं लावा, मशीनचं भाडं जवळपास एक तृतीयांशावर येतं. डिस्कचं भाडं मात्र चालूच राहतं. सुरुवातीला छोटं मशीन घ्या, मोठं करायला दहा मिनिटं लागतात. वर्षाचा करार करून सवलत मिळते, पण तीन महिने खरा वापर बघितल्याशिवाय सही करू नका. डेटा आत नेणं बहुधा फुकट असतं, बाहेर काढायला पैसे पडतात, हे दर आधी वाचा. खर्चाची सूचना पहिल्याच दिवशी लावा, मालकाच्या ईमेलवर. ती फक्त सूचना असते, मीटर थांबवत नाही. आणि कार्डावरचा आपोआप हप्ता १५,००० रुपयांच्या वर गेला की ओटीपी लागतो. तो मेसेज न बघितल्याने सेवा बंद पडलेली मी पाहिलीय.

इंटरनेटच्या लाइन दोन घ्या, वेगळ्या कंपन्यांच्या. रस्ता खोदायला पालिकेला मुहूर्त लागत नाही.

हलवायचा दिवस

जीएसटीआर-३बी हा जीएसटीचा महिन्याचा रिटर्न बहुतेकांना २० तारखेला भरायचा असतो. त्यानंतरचा पहिला शनिवार, संध्याकाळ. महिनाअखेर अजिबात नको. ५० एमबीपीएस अपलोड असेल तर १८० जीबी जायला कागदोपत्री ८ तास, प्रत्यक्षात १२ धरा. म्हणून जुन्या फायली आठवडाभर आधी रात्री-रात्री पाठवून ठेवा आणि शनिवारी फक्त बदललेल्या न्या. शनिवारी सगळ्यांना लॉगआउट करा, शेवटचा बॅकअप घ्या, मगच हलवा. रविवारी अकाउंट्सच्या माणसाला बोलवा (जेवण मागवा). जुन्या आणि नव्या टॅलीतला ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, पैशापर्यंत जुळला पाहिजे.

त्याच रविवारी बॅकअपमधून एक फोल्डर परत आणून उघडून बघा. त्या ऑफिसात पहिल्या खेपेला फायली आल्या, पण उघडेनात. बॅकअप चालू असताना टॅली बंद केलेली नव्हती.

जुना सर्व्हर तीन महिने बंद करून ठेवा, कपाटावर, बेसिनखाली नव्हे. मग आतली हार्ड डिस्क काढून तिला ड्रिलने भोकं पाडा आणि उरलेला डबा अधिकृत ई-कचरावाल्याला द्या. भंगारवाल्याने जास्त पैसे देऊ केले, तरी डिस्क त्याला द्यायची नाही.