पहाटे आठ अंश, दुपारी अठ्ठावीस: शाळेच्या हिवाळी कपड्यांची तयारी

नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरायला लागले, की आमच्या घरी स्वेटरची लोखंडी पेटी खाली काढायची वेळ झालेली असते. दिवाळीची सुट्टी चालू असते, ऑक्टोबरचं ऊन नुकतंच ओसरलेलं असतं आणि थंडीची आठवण कुणालाच नसते. पण दुसरं सत्र सुरू झालं की पंधरा-वीस दिवसांत निफाडचा गारठा दारात येतो. मग सकाळी साडेसहाला बस यायच्या वेळी कानटोपी शोधण्यापेक्षा ही सगळी तयारी सुट्टीतच उरकलेली बरी.

आमचं घर द्राक्षबागेचं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात आज किती तापमान नोंदलं, हे आमच्याकडे चहाच्या आधी विचारलं जातं. पारा फार घसरला की मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात. मग घरातली माणसं पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तर पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. केंद्राचा रोजचा आकडाच मी मुलांच्या कपड्यांसाठी वापरते. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे रात्री जमीन भराभर निवते आणि गार हवा नदीकाठच्या सखल भागात साचून राहते. त्याच कोरड्या हवेमुळे ऊनही भराभर चढतं. पहाटे ८ अंश आणि दुपारी २८, असे दिवस इथं डिसेंबर-जानेवारीत नेहमीचेच.

म्हणून "किती जाड कपडे घालू" हा प्रश्न आमच्याकडे अपुरा पडतो. पोरगं एकाच दिवसात दोन ऋतूंतून जातं, आणि त्यातल्या दुसऱ्या ऋतूत आई जवळ नसते. मी एवढंच धरून चालते: अंगाला लागून असलेला कपडा दुपारच्या हिशेबानं निवडायचा आणि वरचे सकाळच्या हिशेबानं. वरचा प्रत्येक कपडा मुलाला स्वतःच्या हातानं, कुणाची मदत न घेता काढता आला पाहिजे आणि परत चढवताही आला पाहिजे.

हे मी मुलीच्या हालातून शिकले. ती चौथीत असताना एका कडाक्याच्या सकाळी गणवेशाच्या आत तिला जाड थर्मल घातलं, वर स्वेटर. त्या दिवशी शाळेत कवायतीचा सराव होता. स्वेटर तिनं काढला, पण आतलं थर्मल वर्गात काढणार कसं? घामानं भिजली, तशीच बसून राहिली, आणि परतीच्या वाटेवर ऊन उतरल्यावर ओल्या अंगाला वारा लागला. पुढचे पाच दिवस खोकला. भिजलेला कपडा ऊब देत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेतो. तेव्हापासून शाळेच्या दिवशी आत थर्मल नाही. आत सुती बनियन, वर गणवेशाचा शर्ट, आणि त्याच्यावर एका जाडजूड कपड्याऐवजी दोन पातळ. दोन पातळ कपड्यांच्या मधे हवेचा थर अडकतो, तोच ऊब धरतो. शिवाय दहा वाजता एक काढता येतो, बारा वाजता दुसरा.

पेटी उघडली की पहिलं काम म्हणजे सगळं बाहेर काढून निदान दोन दिवस कडक उन्हात टाकणं. डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर हे टाळूच नका. त्या वासाचा कपडा तसाच मुलाच्या अंगावर घालणं बरं नाही. ज्या मुलांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी डांबरगोळ्यांतल्या नॅप्थॅलीनमुळे फुटू शकतात. आमच्या सासूबाई वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवायच्या, मीही आता तेच करते. लोकरीचे कपडे धुवायचे असतील तर रिठ्याच्या कोमट पाण्यात, न पिळता, आणि सावलीत आडवे पसरून वाळवायचे. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्याच वजनानं लांबतो.

मग प्रत्येक पोराला उभं करून घालून बघायचं. मनगट उघडं पडत असेल, किंवा हात वर केल्यावर पोट दिसत असेल, तर तो स्वेटर धाकट्याकडे. बाही बोटांवर येत असेल तर लिहिताना अडचण. ती दुमडून दोन टाके घालायचे. चेन ओढून बघायची, गुंड्या मोजायच्या. लहान मुलासाठी डोक्यातून घालायच्या स्वेटरपेक्षा पुढून उघडणारा बरा, तो काढताना शर्टही वर जात नाही. कॉलरच्या आत नाव शिवायचं, पेननं लिहायचं नाही. एका वर्गात निळे स्वेटर चाळीस आणि घरी परत येणारे पस्तीस, हे ज्या घरात मुलं आहेत तिथं सांगायला नको.

नवं घ्यायचं असेल तर नाशिकला जाणं झालंच तर तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल बघावेत. दिवाळीनंतर ते लागतात आणि त्यातला बराच माल लुधियानाचा असतो. शंभर टक्के लोकरीच्या मागे लागू नका. काही मुलांना लोकर टोचते, मान खाजते, आणि मग तो स्वेटर दप्तरातच राहतो. अ‍ॅक्रिलिकचा मऊ स्वेटर मूल अंगावर ठेवतं, ते जास्त महत्त्वाचं.

आता आकड्यांचा माझा हिशेब. पारा १२ च्या वर असेल तर बिनबाह्यांचा स्वेटर पुरतो. ८ ते १२ मध्ये पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि कान झाकणारी टोपी. ८ च्या खाली दोन्ही स्वेटर एकावर एक, आणि बसस्टॉपपर्यंत वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. ५ च्या खाली त्यात हातमोजे आणि गळ्याभोवती कापड. हा हिशेब चालत जाणाऱ्या किंवा बसनं जाणाऱ्या मुलाचा. चालताना अंग तापतं, म्हणून निघताना मूल किंचित कुडकुडलं तरी घाबरू नये. घरातच गरम होत असेल तर फाट्यापर्यंत घाम येणार हे नक्की.

मोटारसायकलवरून नेणार असाल तर हिशेब बदलतो. हवेत १० अंश असताना ताशी ४० किलोमीटरनं निघालात, तर उघड्या त्वचेला ते ६ अंशांसारखं लागतं. म्हणजे एक पायरी खालची तयारी करायची. पोराला टाकीवर पुढं बसवू नका, सगळा वारा त्याच्या छातीवर येतो आणि ते धोक्याचंही आहे. मागं, आपल्या पाठीच्या आडोशाला बसवा. लोकरीपेक्षा इथं वारा अडवणारं कापड कामाला येतं, कारण स्वेटरच्या विणीतून वारा आरपार जातो. आणि हेल्मेट. चार वर्षांवरच्या सगळ्यांना ते कायद्यानं लागतंच. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, चालकाशी जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. जाड माकडटोपीवर हेल्मेट घातलं तर ते डोक्यावर नीट बसत नाही, पडताना सरकतं. त्यामुळे हेल्मेटखाली पातळ सुती टोपीच, आणि शाळेच्या फाटकाशी हेल्मेट काढल्यावर लोकरीची.

लांब मफलर मी बंदच केला आहे. दुचाकीच्या चाकात ओढणी अडकल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत, मफलरचंही तसंच होऊ शकतं. मैदानात कुणी मागून ओढला तरी गळ्याला फास. त्याऐवजी डोक्यातून घालायची गळपट्टी, किंवा मोठा रुमाल त्रिकोणी दुमडून गाठ मागे आणि टोकं स्वेटरच्या आत.

पायमोज्यांचे तीन जोड लागतात. हिवाळ्यात ऊन दिसतं खूप, पण दिवस लहान. दोरीवरचे कपडे चारच्या आत घरात घेतले नाहीत तर दहिवरानं पुन्हा दमट होतात. दमट मोजा घालण्यापेक्षा कालचा कोरडा बरा. बूट घट्ट असताना दोन मोजे घालू नका, बोटं हलली नाहीत की रक्त खेळत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. हातमोज्यांचं माझ्या मुलांनी कधी मनावर घेतलं नाही, दर वर्षी एक हरवतोच. बोटं उघडी असलेले मोजे मात्र टिकले, कारण ते घालून दप्तराची चेन लावता येते.

धाकटा पाचवीत, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. सोमवार ते शुक्रवार त्याची शाळा साडेदहाला, तोवर ऊन चांगलं वर आलेलं असतं, त्याला एक स्वेटर पुरतो आणि तोही येताना दप्तरात असतो. त्याचा खरा हिवाळा शनिवारी, सकाळच्या शाळेला. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नयेत, असा शासन निर्णय २०२४ च्या फेब्रुवारीत निघाला, तो लहानांसाठी फार चांगला झाला. पाचवीपासूनच्यांना मात्र तो लागू नाही. त्यामुळे शुक्रवारी रात्रीच मी शनिवारचे कपडे वेगळे काढते आणि गणवेश अंथरुणातच गोधडीच्या घडीखाली ठेवते. सकाळी कपडा गार लागत नाही, पोरगं रडत नाही, आवरायला निम्मा वेळ लागतो. दप्तरात एक बस्करही देते. फरशीवर बसून शिकणाऱ्या मुलाला खालून लागणारी थंडी कितीही स्वेटर घातले तरी थांबत नाही. जाड कापडाचा हातभर तुकडाही पुरतो. शिक्षक आपलेच असतात, परिपाठ सावलीऐवजी उन्हाच्या बाजूला घ्या म्हटलं तर ऐकतात. आमच्या सरांनी ऐकलं, आणि अर्ध्या चड्डीऐवजी हिवाळ्यापुरती फुल पँटही चालवून घेतली.

जावेचा साडेतीन वर्षांचा मुलगा अंगणवाडीत जातो. त्याला गरम होतंय की गार, हे तो सांगत नाही. हात-नाक गार असणं यावरून ठरवू नका, लहान मुलांचे हात गारच असतात. मानेच्या मागे, कॉलरच्या आत बोटं घालून बघा. तिथं कोमट आणि कोरडं असेल तर कपडे बरोबर. ओलसर असेल तर एक कमी करा, गार असेल तर एक वाढवा. सेविकाताईंनाही मी हे दाखवून ठेवलं आहे.

केस धुणं रविवारी दुपारी, शाळेच्या सकाळी नाही. लांब ओले केस वेणीत बांधून पहाटे बाहेर पडणं म्हणजे पाठीवर गार फडकं टाकून फिरणं. गाल उलायच्या आधीच खोबरेल लावावं. ते थिजलेलं असतं, वाटी गरम पाण्यात धरली की पातळ होतं. ओठांना व्हॅसलीन. रिकाम्या पोटी थंडी जास्त वाजते, म्हणून निघताना निदान गरम दूध आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा. थंडीत पोरं पाणी पीत नाहीत, बाटली कोमट भरली तर पितात. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला गार हवेनं धाप लागते, त्याचा पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात हवा आणि वर्गशिक्षकांना ते ठाऊक हवं.

फाट्यावर पहाटे शेकोटी पेटलेली असते, कुणी टायरही जाळतं. मुलीला मी बजावून ठेवलंय, जॅकेट घालून शेकोटीला टेकायचं नाही. वारा अडवणारी ही कापडं नायलॉन-पॉलिस्टरची असतात. ठिणगीनं पेटत जातात आणि वितळून अंगाला चिकटतात. हात शेकायचे तर चार पावलं लांबून.

एक कापडी पिशवीही दप्तरात घडी करून ठेवा, काढलेले स्वेटर त्यात जातात. ती नसेल तर स्वेटर कमरेला बांधला जातो, मग बाकाला, आणि मग तिथंच राहतो.

आणि पेटी रिकामी करताना जे निघेल ते. आमच्याकडे बागेच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून कुटुंबं येतात, त्यांची मुलं धाकट्याच्याच शाळेत बसतात. मोफत गणवेश मिळतो, स्वेटर ज्याचा त्यानं बघायचा असतो. आपल्या मुलाला लहान झालेला स्वेटर द्यायचा तर नोव्हेंबरातच द्या, जानेवारी संपताना नाही. धुऊन, गुंड्या लावून, आणि मुलाच्या हातात न देता सरांकडे. कुणाला कोणता बसेल हे त्यांना माहीत असतं आणि वर्गात कुणाचा कुणाला दिला याची चर्चा होत नाही. यंदा आमच्या पेटीतून तीन निघाले. दोन तयार आहेत, तिसऱ्याची चेन तेवढी बदलून आणायची राहिली आहे.